जिनिंगच्या रस्त्यावरची फुलं

आज सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेले, तर दूधवाल्याच्या सायकलीच्या मागच्या चाकात कापसाचा एक पुंजका अडकलेला होता. चाकाबरोबर तो गरगरत आला आणि गरगरतच पुढच्या गल्लीत गेला. म्हणजे कापसाचा वेचा, वेचणीचा हंगाम, सुरू झाला. आमच्या पांढरकवड्यात हा ऋतू असाच कळतो. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. भरलेल्या गाड्या अंग घासून जातात आणि काटे आपला वाटा काढून घेतात. हवेत सरकीचा तेलकट, किंचित गोडसर वास असतो. उन्हाला अजून धार असते, पण सावलीत पाऊल टाकलं की अंगावर बारीक काटा येतो.

या दिवसांत मला हटकून एक हिवाळा आठवतो. कापसाचे फार वाईट दिवस होते ते. वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्यातल्या लहान लहान गावांची नावं येत. एरवी ज्या गावांची नावं एसटीच्या पाटीवरसुद्धा धड येत नाहीत, अशा गावांची. नाव वाचलं की पुढची बातमी काय असणार हे न वाचता कळायचं. पुण्याची माझी नणंद फोनवर आवाज खाली आणून विचारायची, "तुमच्याकडे फारच वाईट चाललंय ना गं?" मी "हो" म्हणायची. खोटं नव्हतंच ते. पण त्याच हिवाळ्यात आमच्या गावातल्या सगळ्यात कळकट रस्त्याला फुलं आली होती, आणि तेही खोटं नव्हतं. ते मात्र फोनवर कसं सांगावं हे मला कधी उमगलं नाही.

तो रस्ता बसस्टँडपासून निघतो, सरकारी दवाखान्याच्या भिंतीला लागून जातो आणि कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाशी संपतो. एका बाजूला दवाखान्याची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला टायरची दुकानं, गॅरेजं, एक चहाची टपरी आणि आमच्या गल्लीचं तोंड. भिंतीच्या पायथ्याशी एक पट्टा मोकळा होता, आणि मोकळ्या जागेचं गावात जे होतं तेच त्याचं झालं होतं. फुटक्या बरण्या, ट्रकचं जळकं तेल, केळीची सालं, प्लास्टिक. मी रोज शाळेत जाताना तेवढ्या टापूत पदर नाकाला लावून चालायची. सगळेच तसं चालायचे.

प्रमिलाबाई कोंडावार त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मी मराठी शिकवायची, त्या चित्रकला. उंच, सडसडीत, कडक खळीची सुती साडी, आणि नखांच्या कडांना कायम कुठला तरी रंग. वडील कोर्टात शिरस्तेदार होते. ते गेल्यावर बाई एकट्याच राहत होत्या, त्यांच्याच घरात, कुणाचं फारसं ऐकून न घेता. वर्गात त्या मुलींना म्हणायच्या, "पोरींनो, आकाश निळं असतंच असं नाही. आधी बाहेर जाऊन पाहून या." शाळा सुटल्यावर अशा बाईचं काय होणार, याची आम्हा शिक्षकांना जरा काळजीच होती.

जूनच्या अखेरीला त्या रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेल्या आणि येताना माझ्याकडे आल्या. पाणी दिलं तर ते हातातच धरून बसल्या.

"तिथं भिंतीबाहेर एक बाई बसली होती," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला आत नेलं होतं. औषध प्यायलेला."

आमच्याकडे 'औषध' म्हणजे त्या वर्षांत एकच अर्थ होता. फवारणीचं.

"रडत होती?" मी विचारलं.

"नाही. रडून झालं होतं तिचं. नुसती समोर बघत होती. अन् समोर काय, तर तो उकिरडा. एक डुक्कर त्यात तोंड घालून होतं, अन् ती त्याच्याकडे बघत होती. सकाळी गेले तेव्हा तशी, परत निघाले तेव्हाही तशीच." मग ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तो उकिरडा काढायचा."

मला वाटलं, नगरपालिकेत अर्ज द्यायचा विचार असेल. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं तर बाई स्वतः फावडं घेऊन भिंतीशी उभ्या. साडीचा पदर खोचलेला, डोक्याला रुमाल. गॅरेजातली माणसं पाने हातात धरून बघत होती. दोन दिवस नुसती बघत होती, तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलेच काहीजण फावडी घेऊन आले. बाईंनी कुणाला बोलावलं नव्हतं. आलेल्यांना थांबवलंही नाही.

आमच्या घरासमोर इस्माईलभाईंचं वेल्डिंगचं दुकान. शेताची फाटकं, बंडीची चाकं, ट्रकचे फाळके, सगळं करायचे. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. इस्माईलभाई अंगानं जाडजूड, बोलायला मऊ. हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात नांदायच्या. दुकानामागे रस्त्याच्या कंत्राटदाराचे डांबराचे रिकामे ड्रम गंजत पडले होते. बाईंनी एक दिवस त्या ड्रमांवर बोटानं टकटक केलं.

"इस्माईलभाई, हे मधोमध कापून देता येतील का?"

"येतील नं बाई. पन करसान काय त्याचं? पानी भरसान तर डांबराचा वास येते."

"झाडं लावीन. जमिनीत लावली तर बकऱ्या ठेवणार नाहीत."

इस्माईलभाईंनी एकदा ड्रमाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. "बकरी तर ड्रमातलं बी खाते, बाई. उसको सीढ़ी नहीं लगती." मग स्वतःच हसले. "वरून जाळी लावून देतो. अन् कडा मुडवून देतो, नाईतं पोराबाळाचा हात कापंल."

सगळा पाऊसभर ते काम चाललं. ड्रम आगीत धरून आतलं डांबर काढायचं, कापायचे, तळाला भोकं पाडायची, बाहेरून हिरवा रंग. माती बाईंनी गावाजवळच्या खुनी नावाच्या नदीकाठून आणवली. शेणखत कुणाच्या तरी गोठ्यातून आलं. मग सदाफुली, झेंडू, शेवंती, मध्ये मध्ये तगर आणि जास्वंद, आणि भिंतीवर चढवायला राणी रंगाची बोगनवेल. दवाखान्याच्या फाटकाशी हातपंप होता. इस्माईलभाईंनी बाईंना तीन चाकांची एक ढकलगाडी करून दिली, तिच्यावर पाण्याचं पिंप. ती गाडी किरकिरत निघाली की टपरीवरचे लोक म्हणायचे, बाई निघाल्या.

सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही. एकदा मी बाईंबरोबर होते. टपरीवरून एकजण उठून आला. ओळखीचाच, शेतीवाला माणूस, डोळे तारवटलेले.

"बाई, एक इचारू? इथं लोकायच्या चुली इझून राह्यल्या, अन् तुमी झेंडू लावून राह्यल्या. हे बरं दिसते काय तुमाले?"

बाईंनी पिंपाची तोटी बंद केली.

"नाही दिसत, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला भाव देता येत नाही, पाऊस पाडता येत नाही. येत असतं तर आधी तेच केलं असतं. पण रडून झाल्यावर माणसाचे डोळे कुठंतरी टेकायला लागतात. तेवढीच जागा साफ करते आहे."

त्या माणसाला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण जाताना बाईंची गाडी वाटेतल्या खड्ड्यातून पलीकडे काढून देऊन गेला.

दसऱ्याला झेंडू आला. आणि काय आला! जिनिंगच्या त्या धुरकट, तेलकट रस्त्यावर केशरी रंगाची अशी ओळ लागली की हैदराबादकडे निघालेले ट्रकवाले चहाचं निमित्त काढून आत वळायला लागले. दिवाळीनंतर शेवंत्या फुटल्या, पिवळ्या आणि मातकट लाल. सकाळच्या दहिवरात त्यांचा तो कडवट, ओला वास दवाखान्याच्या फिनेलच्या वासात मिसळायचा. कापसाचे तंतू उडून पाकळ्यांवर बसायचे. मी पदर नाकाला लावायचं कधी सोडलं ते माझं मलाच कळलं नाही. माणूस सौंदर्याला किती पटकन सरावतो, आणि उकिरड्यालाही.

मग जिनिंगच्या आवारात कापूस खरेदी केंद्र उघडलं आणि बंड्या आल्या. राळेगावच्या बाजूनं, केळापूरच्या बाजूनं, आतल्या जंगलपट्ट्यातून. पांढरे ढीग बांधलेल्या बंड्या फाटकापासून लागत लागत दवाखान्याच्या पुढे गेल्या. आणि आत कापूस ठेवायला जागा उरली नाही म्हणून वजनाचा काटा बंद पडला. उद्या सुरू होईल, परवा होईल. माणसं बंडीखाली झोपायची, तीन दगडांवर भाकरी करायची. बैल जू उतरवून रस्त्याच्या कडेला बांधलेले. बरोबर आणलेला चारा संपला होता.

एके सकाळी आमच्या गल्लीत ओरडा झाला म्हणून मी बाहेर आले. भिंतीच्या कडेनं जाळ्या वाकलेल्या होत्या, ड्रम आडवे पडले होते. झेंडू नव्हता. शेवंती नव्हती. नुसते दांडे. बैलांनी जिभेला लागेल तेवढं सगळं ओरबाडून खाल्लं होतं. एका बैलाच्या शिंगाला बोगनवेलीची फांदी अडकली होती, आणि बिचारा मान हलवून ती काढू पाहत होता.

प्रमिलाबाई आल्या. पिंपाची गाडी तिथेच सोडून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग डोक्याला फडकं बांधलेला एक म्हातारा गाडीवान पुढे झाला.

"बाई, माह्या बैलानंच सुरुवात केली. दोर तोडला त्यानं. काय बोलाचं थे मले बोला."

बाईंचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले. वर्गात त्या अशा दिसायला लागल्या की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. त्यांनी त्या बैलाकडे पाहिलं. त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

"यानं शेवटचं कधी खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "परवाच्याले थोडंसं कुटार होतं."

बाई वळल्या आणि घरी निघून गेल्या. त्या दिवशी त्या पुन्हा दिसल्या नाहीत. संध्याकाळी मी गेले तर दाराला आतून कडी होती. मी हाक मारली, तर आतून एवढंच म्हणाल्या, "उद्या ये गं." आवाजावरून कळलं, रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ढकलगाडी किरकिरत निघाली. पिंप नव्हतं; पोती होती. तुरीचं, सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा. बाईंनी पहाटेपासून आपल्या जुन्या विद्यार्थिनींच्या घरोघरी फिरून मागितलं होतं. आमच्याही घरी आल्या. सासरे म्हणाले, "बाई, ज्यांनी तुमचा बगिचा खाल्ला त्यांनाच?" बाई म्हणाल्या, "उपाशी जनावर दुसरं काय करणार? सांगा, किती देता?" दुपारपर्यंत इस्माईलभाईंचा हातगाडा पण कामाला लागला होता आणि मशिदीमागच्या गोठेवाल्यानं सरकीच्या ढेपेचं अख्खं पोतं पाठवलं होतं. बैलांपुढे कुटार पडलं तेव्हा रस्ताभर फक्त चघळण्याचा आवाज होता. त्या म्हाताऱ्यानं फडकं सोडून डोळे पुसले आणि पुन्हा बांधलं.

काटा अजून बंदच होता. रिकाम्या हातांना त्रास होतो, शेतातल्या हातांना तर जास्तच. दुसऱ्या दिवशी बघते तर बंडीवाले ड्रम उभे करत होते. दिराबरोबर आलेली सीताबाई नावाची एक बाई होती, चिखलडोह गावची; ती पदर खोचून बसली आणि एकेका ड्रमातली माती विळ्यानं मोकळी करत गेली. प्रमिलाबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"मुळ्या जित्या हाय बाई," सीताबाई म्हणाली. "शेवंती मरत नाई अशी. पान्याचं तेवढं पाहा."

काटा सुरू झाला, बंड्या मोकळ्या झाल्या, सगळे गेले. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या वेच्याचा कापूस घेऊन सीताबाई पुन्हा आली, तेव्हा कापसाच्या ढिगावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पांढऱ्या शेवंतीचं रोप होतं.

"हे आमच्या गावची हाय. देवळाच्या मांगं होते. तुमच्याकडं पांढरी नव्हती."

बाईंनी रोप लावलं. इस्माईलभाई शेजारी उभे होते. त्यांना काय सुचलं कोण जाणे, दुकानातून पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि ड्रमावर ब्रशनं लिहिलं, 'चिखलडोह'. सीताबाईला वाचता येत नव्हतं. बाईंनी वाचून दाखवलं, तेव्हा तिनं त्या ओल्या अक्षरांच्या जवळ बोट नेलं आणि न टेकवता परत घेतलं.

मागच्या बंडीवाल्यानं ते पाहिलं. "अन् आमच्या गावाचं काहून नाई?"

"झाड आन नं बाबा," इस्माईलभाई म्हणाले. "बिना झाडाचं नाव कायले लिहू?"

मग तर चढाओढच लागली. कुणी गुलबास आणली, कुणी अबोली, कुणी आजीनं लावलेल्या मोगऱ्याची फांदी. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका माणसानं पळसाचं रोपटं आणलं. बाई म्हणाल्या, "हे ड्रमात नाही मावायचं रे," आणि ते भिंतीच्या टोकाला जमिनीत लावलं. एकानं नुसती तुळस आणली आणि भांडला, की तुळशीलाही फूल येतं, मंजिरी म्हणजे फूलच. इस्माईलभाईंनी त्याच्या गावाचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत काढलं. वर्तमानपत्रात जी नावं आम्ही धास्तावून वाचायचो, ती आता दवाखान्याच्या भिंतीशी हिरव्या ड्रमांवर होती, आणि त्यांच्या वर काहीतरी उमलत होतं. मुली शाळेत जाताना ती मोठ्यानं वाचत जायच्या.

मी पुष्कळदा विचार करते, त्या फुलांनी काय बदललं? कापसाचा भाव बदलला नाही. बातम्या थांबल्या नाहीत. पुढे रस्ता रुंद झाला, नाली आली, बरेच ड्रम उचलले गेले. महामार्ग गावाबाहेरून गेला. प्रमिलाबाई मात्र जाईपर्यंत ती गाडी ढकलत राहिल्या; जागा आखडली तशी ओळ आखडली, एवढंच. त्या गेल्या तेव्हा इस्माईलभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. पण 'काय बदललं' हा प्रश्न मला आता थोडा उद्धट वाटतो. कुणी तापलेल्या कपाळावर हात ठेवला, तर ताप उतरला का हे विचारून त्या हाताची किंमत ठरत नाही.

त्या हिवाळ्यातलं शेवटचं जे मला आठवतं ते संक्रांतीच्या आसपासचं. मोहदरी नावाच्या गावाहून, राळेगावच्या बाजूनं, जीपमध्ये घालून एका माणसाला आणलं होतं. पुन्हा तेच, औषध. त्याची बायको बाहेर भिंतीशी बसली. तिथं एका ड्रमावर तिच्या गावाचं नाव होतं. तिला थोडं वाचता येत असावं. मी शाळेतून परतताना पाहिलं, तर ती त्या ड्रमाला पाठ टेकून बसली होती, माहेरच्या माणसाला टेकावं तशी. त्यानंतरचे सगळे दिवस ती तिथंच असायची. सकाळी तोंड धुवून झालं की तांब्यातलं उरलेलं पाणी ड्रमात ओतायची. प्रमिलाबाई तिच्यासाठी डबा न्यायच्या. दोघी फारसं बोलत नसत. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.

तो माणूस वाचला. ज्या दिवशी त्याला सोडलं त्या दिवशी मी बाईंबरोबरच होते. तो फाटकातून बाहेर आला, गालफडं बसलेली, पाय अजून भरवशाचे नाहीत, बायकोच्या खांद्यावर हात. उन्हानं डोळे मिचकावत त्यानं समोरची ओळ पाहिली. हे सगळं त्याच्यासाठी नवीनच होतं; आत नेलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. आपल्या गावाचं नाव दिसलं तसा थांबला.

बायको बाईंना म्हणाली, "बाई, एक फूल घेऊ काय?"

"दोन घे," बाई म्हणाल्या.

तिनं आपल्या गावच्या ड्रमातल्या झेंडूची दोन फुलं खुडली. एक अंबाड्यात खोचलं. दुसरं नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं ते तसंच धरून ठेवलं, फुलाचं काय करायचं असतं ते विसरल्यासारखं. मग दोघं बसस्टँडकडे निघाली. आम्हीही मागोमाग गेलो, उगाचच. राळेगावची गाडी लागली होती, दाराशी गर्दी होती. त्यानं फूल सदऱ्याच्या खिशात ठेवलं, एका हातानं दाराची दांडी धरली, आणि लोकांच्या रेट्यात ते चुरगळू नये म्हणून दुसरा हात खिशावर आडवा धरून तो हळूहळू वर चढला.